'इराणी' हे आडनाव आलं कुठून आणि गेलं कुठे?

सानिका_टोरांटो

मूळची पुण्याची, गेली नऊ वर्षं टोरांटोत. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती मुलगी तेहरानची. तिचं आडनावही तेहरानी. गेल्या आठवड्यात डबा खाताना मी तिला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा फोटो दाखवला. पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही एकाच बाकावर. म्हटलं, हिचं आडनाव इराणी, तुमच्याच देशातली आहे.

तेहरानी हातातला घास तसाच धरून बघत राहिली. म्हणाली, "इराणी हे आडनाव कसं असेल? आमच्याकडे तर सगळेच इराणी!"

मी लहानपणापासून हे आडनाव ऐकतेय. शाळेच्या हजेरीत, कॅम्पातल्या पाट्यांवर, सिनेमाच्या श्रेयनामावलीत. ते विचित्र असू शकतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मग आम्ही दोघी दोन दिवस त्याच्याच मागे लागलो. जे हाती आलं ते इथे मांडते.

फारसीत गावाच्या नावाला शेवटी ई लागली की त्या गावचा माणूस होतो. तेहरानी, शिराझी, किरमानी, यझदी, तब्रीझी. पण इराणात १९१८ पर्यंत सरकारी नोंदीतलं आडनाव असं नव्हतंच. त्या वर्षी जन्म-मृत्यूची नोंद आणि ओळखपत्र सुरू झालं, आणि १९२५ च्या कायद्याने प्रत्येक कुटुंबाला आडनाव घेणं सक्तीचं झालं. त्याच सुमारास जुन्या दरबारी पदव्याही रद्द झाल्या. रेझा खानाने (पुढचा रेझा शाह) स्वतः 'पहलवी' हे आडनाव घेतलं ते याच काळात. कुणी गावावरून नाव घेतलं, कुणी धंद्यावरून, कुणी आजोबांच्या नावाला 'जादे' किंवा 'पूर' जोडलं (दोन्हींचा अर्थ अपत्य, मुलगा). एका नोंदणी कचेरीत एका घराण्याने नाव लावलं की दुसऱ्याला तेच नाव घ्यायला पहिल्याची परवानगी लागायची. म्हणून तिकडे जोडआडनावं इतकी दिसतात.

म्हणजे माझ्या सहकारिणीच्या घराचं आडनाव फार तर शंभर वर्षांचं. पुण्या-मुंबईतलं 'इराणी' त्याहून जुनं आहे. मेहेरबाबा १८९४ साली पुण्यात जन्मले, मेरवान शेरियार इराणी. तेव्हा खुद्द इराणात सरकारी आडनावांचा पत्ता नव्हता!

तर प्रश्न असा: हे नाव इकडे कुणी दिलं? त्यांनी स्वतः लावलं की शेजाऱ्यांनी चिकटवलं? आणि आज ते कुठेकुठे पोचलंय? इथे जाणकार आहेत, सविस्तर लिहा.

डेक्कनकर

छान विषय. भाषेच्या बाजूने एक गंमत सांगतो.

ती फारसी 'ई' आपल्याकडेही आहे, पण आपण ती वस्तूंना लावतो. चादर सोलापुरी, चप्पल कोल्हापुरी, साडी इरकली. माणूस मात्र सोलापूरकर, कोल्हापूरकर. फारसीत हा भेद नाही. काशानचा गालिचा काशानी आणि काशानचा माणूसही काशानी.

आता 'कर' कसं लागतं ते बघा. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कशाला लागेल? चिपळूणमध्ये सगळेच चिपळूणचे. घराणं चिपळूण सोडून दुसऱ्या मुलखात गेलं की तिथले लोक 'ते चिपळूणकर' म्हणायला लागतात. वतनामुळे वगैरे अपवाद असतील, पण आडनाव बहुधा निघून गेलेल्यांना लागतं, मागे राहिलेल्यांना नाही.

हाच नियम एक पायरी मोठा केला की इराणी. यझद सोडून तेहरानला गेलात तर यझदी. देशच सोडलात तर इराणी. मुंबईतल्या माणसाला यझद आणि किरमान यांतला फरक काय कळणार? त्याच्यासाठी सगळे इराणी. तुमच्या तेहरानी मैत्रिणीला सांगा, हे आडनाव इराणात घडण्यासारखं नव्हतंच. ते बाहेरच घडायचं.

सानिका_टोरांटो

@डेक्कनकर, "चादर सोलापुरी, माणूस सोलापूरकर" हे तिला इंग्रजीत समजावताना माझी दमछाक झाली, पण कळल्यावर ती फार खूश झाली. तिचे पणजोबा तेहरान सोडून मशहदला स्थायिक झाले होते म्हणे. म्हणूनच तेहरानी!

मोडीवाचक

डेक्कनकरांचं म्हणणं पटलं. त्याला इतिहासाची जोड देतो, थोडं लांबेल.

आधी पारशी आणि इराणी यांतला फरक. दोघे जरथुष्ट्री. अर्थाच्या दृष्टीने दोन्ही नावं जवळपास एकच सांगतात: पारशी म्हणजे पार्स (आजचा फार्स) प्रांताचा, इराणी म्हणजे इराणचा. फरक आहे तो कधी आले याचा. पारशांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला उतरले. ती कथा सांगणारं 'किस्सा-ए-संजाण' हे फारसी काव्य सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलं गेलं. इराणी आले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला, यझद आणि किरमान या दोन भागांतून.

का आले? काजार राजवटीत तिथल्या जरथुष्ट्र्यांवर जिझिया कर होता. शहरात घोड्यावर बसायला बंदी, कपड्यांच्या रंगावर बंधनं, घराच्या भिंतीच्या उंचीवरसुद्धा बंधन. १८५४ मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हतारिया यांना आपला प्रतिनिधी म्हणून इराणला पाठवलं. या माणसाने आयुष्याचा उरलेला काळ त्या कामात घातला: शाळा काढल्या, अग्निमंदिरं दुरुस्त केली, गरीब मुलींची लग्नं लावून दिली आणि दरबारात अर्जांमागून अर्ज केले. अखेर १८८२ मध्ये नासिरुद्दीन शाहाने जिझिया रद्द केला. मधल्या काळात १८७०-७२ चा भयंकर दुष्काळ पडला. अशा वेळी यझदच्या तरुणाला मुंबईत आपल्या धर्माची श्रीमंत मंडळी आहेत एवढं कळणं पुरेसं होतं. उंटांच्या काफिल्याबरोबर बंदर अब्बास, तिथून जहाजाने मुंबई.

इथे पोचल्यावर पारशांना आपल्यात आणि या नव्या मंडळींत फरक करायला शब्द हवा होता. ते स्वतः गुजराती बोलत, भरूचा, सुरती अशी आडनावं लावत. आलेले लोक घरात 'दरी' बोलत, ही यझद-किरमानच्या जरथुष्ट्र्यांची बोली. (अफगाणिस्तानातली दरी वेगळी.) त्यांच्या नावात फक्त स्वतःचं आणि बापाचं नाव. इंग्रजी अमदानीतल्या कागदांना मात्र तिसरा रकाना भरलेला हवा. तिथे 'इराणी' बसलं.

आणखी एक लक्षात घ्या. इंग्रज तेव्हा देशाला 'पर्शिया' म्हणत. परक्या सरकारांनी 'इराण' म्हणावं असं रेझा शाहाने कळवलं ते १९३५ मध्ये. पण मुंबईच्या रकान्यात 'पर्शियन' आलं नाही, 'इराणी' आलं. म्हणजे इंग्रजांनी दिलेलं लेबल नाही हे. देशाचे लोक आपल्या देशाला जे म्हणत आले तेच नाव टिकलं. तिसऱ्या शतकात सासानी राजा अर्दशीर पहिला याच्या नक्श-ए-रुस्तमच्या शिलालेखात 'एरान'चा शाहानशाह असा शब्द आहे, अर्थ आर्यांचा. जवळपास अठराशे वर्षांपूर्वीचा तो शब्द पुण्याच्या शाळेतल्या हजेरीत येतो हे मला विलक्षण वाटतं.

अंगणातली_जाई

मोडीवाचक, हे दोघे कायद्याने एक की वेगळे?

मोडीवाचक

@अंगणातली_जाई, १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात पेटिट विरुद्ध जीजीभॉय हा गाजलेला खटला निकाली लागला. पारशी जमातीत कोण मोडतं हाच त्यातला कळीचा मुद्दा होता. न्यायालयाने सांगितलं की मूळ स्थलांतरितांचे जरथुष्ट्री वंशज तर पारशी आहेतच, शिवाय कायमचे किंवा तात्पुरते इथे आलेले इराणी जरथुष्ट्रीही त्यात येतात. त्यामुळे जनगणनेत दोघांची मोजणी एकत्र होते. २००१ मध्ये भारतात पारशी ६९,६०१ होते, २०११ मध्ये ५७,२६४. दहा वर्षांत बारा हजारांनी घट. आकडा वाचून पोटात कालवाकालव होते.

विदर्भातला

नागपूरकरांना हे नाव क्रिकेटमुळे पाठ. इराणी करंडक! रणजी करंडकाला २५ वर्षं झाली म्हणून १९५९-६० च्या मोसमात सुरू झाला, क्रिकेट मंडळाचे पदाधिकारी झाल इराणी यांच्या नावाने. लहानपणी मला वाटायचं इराणचा संघ येतो की काय खेळायला. टाटा स्टीलचे जमशेद इराणी हेही आमच्या नागपूरचे, जन्म १९३६ चा.

आणि इंग्लंडकडून खेळलेला रॉनी इराणी. जन्म लँकेशायरमधला, एसेक्सचा कर्णधार, ३ कसोटी आणि ३१ एकदिवसीय सामने. तिकडच्या प्रेक्षकाला वाटत असेल याचे वडील तेहरानहून आले. ते मुंबईकडचे. इराणहून मुंबई, मुंबईहून इंग्लंड, असे दोन प्रवास झालेत, आणि आडनाव फक्त पहिलाच सांगतं.

फिल्मीचक्कर

अर्देशीर इराणींचं नाव अजून कुणी घेतलं नाही? पुण्यात जन्म, १८८६. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट त्यांचा, १४ मार्च १९३१, मॅजेस्टिक सिनेमा, मुंबई. हे सगळ्यांना माहीत असतं. पण दोनच वर्षांनी, १९३३ मध्ये, त्यांनी मुंबईत 'दुख्तर-ए-लोर' काढला. तो फारसी भाषेतला पहिला बोलपट. लेखन आणि नायकाची भूमिका अब्दुलहुसेन सेपन्ता यांची. नायिका रूहअंगीझ सामीनेजाद. तिच्या बोलण्यात किरमानी हेल इतका ठळक होता की कथेतच तशी सोय करून घ्यावी लागली. चित्रपट तेहरानला गेला आणि तुफान चालला.

म्हणजे इराणला आपल्या भाषेत बोलणारा पहिला पडदा मिळाला तो पुण्यात जन्मलेल्या एका 'इराणी'कडून. सानिका, हे तुमच्या मैत्रिणीला नक्की सांगा.

सानिका_टोरांटो

सांगितलं! तो चित्रपट तिला माहीत होता, आजी त्यातली गाणी गुणगुणायची म्हणे. निर्मात्याचं आडनाव तिने श्रेयनामावलीत वाचलंही होतं, पण ते आडनाव आहे हे कळलंच नव्हतं. "इराणचा कुणी अर्देशीर" असं वाटलं होतं.

गिरगावचा_बाळू

आमच्याकडे तर ते आडनावही राहिलं नाही, सामान्यनाम झालं. "इराण्याकडे भेटू", "इराण्याचा चहा". मालकाचं आडनाव यझदानी असो, कयानी असो, दुकान इराण्याचंच. मरीन लाइन्सचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं. 'कयानी' हे तर शाहनाम्यातल्या कयानी राजघराण्याचं नाव. आम्ही त्याच्यासमोर बसून ब्रून मस्का बुडवून खायचो, राजवंश कुणाच्या डोक्यात!

आंबिवली_लोकल

चर्चा सुंदर आहे, पण एक बाजू सुटतेय. इराणी म्हणजे फक्त जरथुष्ट्री नव्हेत.

मुंबईत डोंगरीला निळ्या फरश्यांची इराणी मशीद आहे, १८६० साली हाजी मोहम्मद हुसेन शिराझी यांनी बांधलेली. लोक तिला मुघल मशीद म्हणतात, कारण तेव्हा मुंबईत इराणहून आलेल्या शिया व्यापाऱ्यांना 'मुघल' म्हणत. एकाच देशातून आलेले लोक, पण धर्माप्रमाणे शेजाऱ्यांनी दोन वेगळी नावं दिली. पुण्यातलं डेक्कनचं गुडलक १९३५ चं, तेही मुस्लिम इराण्याने सुरू केलेलं. हैदराबादचे इराणी चहावालेही बरेचसे मुस्लिम.

आणि तिसरे इराणी आहेत. मी कल्याणजवळ आंबिवलीला वाढलो, तिथे त्यांची वस्ती आहे. पुण्यात शिवाजीनगरलाही आहे. हे शिया मुस्लिम, पूर्वी भटकंती करणारे, घोडे, चाकू-सुऱ्या, चष्मे विकणारे. पेपरात 'इराणी टोळी' असा मथळा आला की संपूर्ण वस्ती त्यात भरडली जाते. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या एका मुलाला नुसत्या आडनावावरून नोकरीच्या मुलाखतीतून परत पाठवलं होतं. त्याने पुढे अर्जावर आडनावाच्या जागी वडिलांचं नाव लिहायला सुरुवात केली. करंडकावर हे आडनाव कोरलं जातं आणि तेच आडनाव एखाद्या पोराला लपवावं लागतं, हेही या धाग्यावर असायला हवं.

अंगणातली_जाई

आंबिवली_लोकल, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मीही तो मथळा आजवर विचार न करता वाचत आले.

दारेसलामचे_दिवस

माझं बालपण टांझानियात गेलं, तिथली भर घालतो. झांझिबारमध्ये 'शिराझी' म्हणवून घेणारे पुष्कळ लोक आहेत. स्वाहिली बोलणारे, पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर राहिलेले. शिराझहून काही राजपुत्र जहाजांतून आले आणि आम्ही त्यांचे वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या पक्षाचं नावच आफ्रो-शिराझी पक्ष, पुढे अबेद करूमे त्याचे नेते म्हणून झांझिबारचे अध्यक्ष झाले. इतिहासकार म्हणतात, त्या कथेत वंशावळीपेक्षा प्रतिष्ठेचा भाग मोठा. म्हणजे गावाचं नाव लावलं की तो माणूस त्याच गावचा असं प्रत्येक वेळी धरून चालू नये.

याउलट 'इस्पहानी' घराण्याचा माग अगदी सरळ लागतो. इस्फहानहून १८२० च्या सुमारास मुंबईत आले, मग कलकत्ता, फाळणीनंतर चितगाव. आज बांगलादेशात इस्पहानी म्हटलं की लोकांना चहा आठवतो. त्याच घराण्यातले एम. ए. एच. इस्पहानी पाकिस्तानचे अमेरिकेतले पहिले राजदूत होते.

आणि अमेरिकेत ऑक्सिडेंटल पेट्रोलियमचे प्रमुख होते रे इराणी. त्यांचा जन्म बैरूतचा! अरब मुलखातही हे आडनाव तसंच तयार झालं, 'इराणहून आलेले'. त्यामुळे परदेशात इराणी नावाचा माणूस भेटला तर तो मुंबईचा, कराचीचा किंवा लेबनॉनचा असण्याची शक्यता आधी तपासावी. १९७९ च्या क्रांतीच्या आसपास लॉस एंजेलिसला, टोरांटोला जे गेले ते १९२५ च्या कायद्यातली आपापली आडनावं घेऊन गेले. उबर कंपनीचे प्रमुख दारा खुसरोशाही त्यातलेच, तब्रीझजवळच्या खुसरोशाह गावावरून. त्यांना 'इराणी' व्हायची गरजच पडली नाही.

सानिका_टोरांटो

आता माझी पाळी. काल तेहरानीने या सगळ्याची उलटी बाजू सांगितली आणि मी उडालेच.

आयातुल्ला खोमेनींचे आजोबा. त्यांना इराणात सय्यद अहमद मुसवी 'हिंदी' म्हणत! उत्तर प्रदेशात बाराबंकीजवळ किंतूर गाव आहे, तिथून ते १८३० च्या सुमारास निघाले आणि पुढे खोमेन गावात स्थायिक झाले. घराण्याचे मूळ पुरुष इराणचेच, मधल्या पिढ्या हिंदुस्थानात गेल्या. परत आल्यावर गावाने त्यांना 'हिंदी' केलं. खोमेनींच्या एका भावाने आडनाव 'हिंदी'च लावलं. आणि खुद्द रूहुल्ला? ते खोमेन सोडून कोम शहरात शिकायला गेले आणि 'खोमेनी' झाले. डेक्कनकरांचा नियम एकाच घरात दोनदा!

म्हणजे यझदहून मुंबईला आलेला इराणी, आणि लखनौकडून इराणला गेलेला हिंदी.

तिने शेवटी एक प्रश्न विचारलाय, तो इथल्या कुणा इराणी सभासदासाठी: पूर्वज इकडे आले, पण त्यांचे जे भाऊ यझदमध्ये राहिले त्यांना १९२५ मध्ये कोणतं आडनाव मिळालं? 'इराणी' तर नक्कीच नाही. मग आज ते एकमेकांना शोधणार कसे?

कॅम्पातली_झ

बरेच दिवस नुसती वाचत होते. मी इराणी, पुणे कॅम्प, चौथी पिढी. मराठी शाळेत शिकले म्हणून इथे लिहायची हिंमत करते.

आमच्या घरात कायम सांगितलं गेलं की आपण पहिल्यापासून इराणी. हा धागा वाचून मी बपईजींची (वडिलांची आई, वय ९१) पत्र्याची पेटी काढली. त्यात बपावाजींचा (वडिलांचे वडील) शाळा सोडल्याचा दाखला सापडला. नावाच्या रकान्यात त्यांचं नाव, मग वडिलांचं नाव. त्यापुढे काहीतरी लिहून खोडलेलं. उजेडात धरल्यावर वाचता आलं: 'यझदी'. त्याच्यावर, वेगळ्या शाईत आणि वेगळ्या हाताने, 'इराणी'. मास्तरांनी बदललं की घरच्यांनी, बपईजींना ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "इथे यझद कोण ओळखतो, बेटा?"

सानिका, तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात आहे. पणजोबा आले, त्यांचे धाकटे भाऊ डाळिंबाची बाग सांभाळायला मागे राहिले. १९३४ मध्ये यझदचं आतश बेहराम (सर्वोच्च दर्जाचं अग्निमंदिर) बांधलं गेलं तेव्हा मुंबईहून जे पैसे गेले त्यांत पणजोबांचे पन्नास रुपये होते, हे मात्र सगळ्यांना पाठ. त्या भावाने आडनाव घेताना त्यांच्या वडिलांच्या नावाला ई लावली. म्हणजे एका आईच्या दोन मुलांची दोन आडनावं: एकाच्या आडनावात देश, दुसऱ्याच्या आडनावात बाप. १९७० पर्यंत पत्रं येत होती, फारसीत. वाचणारे बपावाजी गेले आणि पत्रव्यवहार थांबला.

शेवटची तीन पत्रं माझ्यासमोर आहेत. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता आहे असं वाटतं, मला लिपी येत नाही. फोटो काढलेत. सानिका, तुम्हाला निरोप पाठवते. तेहरानी वाचून देतील का?

सानिका_टोरांटो

@कॅम्पातली_झ, फोटो मिळाले. ती आत्ता माझ्या शेजारीच बसलीये. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव आहे, त्याचं आडनावही आहे, आणि यझदमधल्या मोहल्ल्याचं नाव. पत्राची पहिली ओळ तिने मोठ्याने वाचली आणि तिचा आवाज भरून आला, म्हणून थोडी थांबलोय. संपूर्ण मजकूर संध्याकाळी तुम्हाला निरोपात पाठवते.